पवनऊर्जेचं धोरण ठरवणाऱ्यांना, बालाघाटाच्या माथ्यावरून

प्रति,
मा. मंत्री, नवीन व नवीकरणीय ऊर्जा, भारत सरकार
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि ज्यांच्या टेबलावरून पवनऊर्जेची फाइल पुढे सरकते ती सगळी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्याचा. आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडच्या पोरांना शिकवतो. घरची साडेसात एकर कोरडवाहू धाकटा भाऊ बघतो, सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या हाताखाली. पवनचक्क्यांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्राचा पहिला परिच्छेद वाचूनच 'विकासविरोधी' असा शेरा मारून ते बाजूला जायचं. उलट माझ्या घराच्या माळवदावरून रात्री जे लाल दिवे लुकलुकताना दिसतात ते अजून वाढावेत, असंच मला वाटतं. ते वाढत का नाहीत, आणि वाढतात तिथे भांडणं का होतात, ते इथून जसं दिसतं तसं लिहितो.

गेल्या वर्षी मार्चात आमच्या वेशीतून पहिलं पातं गेलं. सत्तर मीटरच्या आसपास लांबीचं एक पातं, त्याला ओढणारा ट्रेलर, पुढे-मागे शिट्ट्या मारणारी पोरं. आदल्या रात्री मारुतीच्या पारासमोरच्या लिंबाची मोठी फांदी उतरवली होती. गावात घरोघर गेलेल्या सर्व्हिस वायरी रस्त्यावर लोंबतात, त्या उचलायला चौघं जण लांब बांबू घेऊन ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी चालत होते. वायर वर उचलायची, पातं खालून सरकू द्यायचं, सोडायची, मग पुढची. सकाळी आठला फाट्यावरून निघालेलं पातं माळावर पोहोचायला दुपारचे तीन वाजले. तोवर गावाची लाइट बंद. गिरणीत दळणं अडकली, बोअर बंद, पाणी नाही. पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "लाइट बनवायला आधी लाइट घालवावी लागती व्हय रं मास्तर?" सगळे हसले, मीही हसलो.

वारं आम्हाला नवीन नाही. येरमाळ्यापासून मांजरसुंब्यापर्यंत हायवेने जून-जुलैत कधी आलात तर गाडीचं दार उघडताना हाताला जोर लावावा लागेल. पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही या वाऱ्याला शिव्याच घातल्या. मृगात आभाळ भरून येतं, माणूस तिफण नीट करून बसतो, आणि वारं सुटलं की ढग डोक्यावरून तसेच लातूर-नांदेडच्या दिशेने पळतात. 'वारं पडलं तर पाऊस' हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं. त्याच वाऱ्याला आता भाव आलाय, कारण खांब उंच झाले. साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, धुळ्याकडे साक्रीजवळ ब्राह्मणवेलला यंत्रं उभी राहिली तेव्हा ती जोराच्या वाऱ्याच्या जागा हुडकत गेली होती. आता मधला भाग 120 ते 140 मीटरवर असतो आणि पात्यांच्या फेऱ्याचा व्यास दीडशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आमच्या बालाघाट डोंगररांगेवरचं मध्यम वारंही कामाला येतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 120 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे 98 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आहे, 150 मीटरवर जवळपास 174. प्रत्यक्षात राज्यात उभी आहे ती पाच-सव्वापाच गिगावॅट. देशाने मार्च 2025 मध्ये 50 गिगावॅटचा टप्पा ओलांडला, जगात आपला चौथा नंबर आहे, आणि 2030 पर्यंत 100 गाठायचे म्हणता. म्हणजे दुसरे पन्नास पाच वर्षांत. आणि जोराच्या वाऱ्याच्या सोप्या जागा तर कधीच भरल्यात.

याआधी 2022 पर्यंत 60 गिगावॅटचं उद्दिष्ट होतं. गाठले 42. तेव्हा नेमकं कुठे अडलं याची चर्चा दिल्लीत झाली असेल, आमच्यापर्यंत आली नाही. 2016-17 या एका वर्षात देशात साडेपाच गिगावॅट उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी दोनच्याही खाली आले. मधे वारं पडलं नव्हतं. पडला होता तो दर.

त्याआधी राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवून द्यायचा. आपल्या आयोगाने 2003 मध्ये साडेतीन रुपये युनिट, दरवर्षी 15 पैसे वाढ, असा 13 वर्षांचा दर दिला होता. वर यंत्राच्या किमतीवर 80 टक्के घसारा, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा, त्यामुळे ज्याला कर वाचवायचा तो पवनचक्कीत पैसे घालायचा. वारं किती मिळतं यापेक्षा कर किती वाचतो हे बघून उभी राहिलेली यंत्रंही त्यात होती, हे कबूल. पण ते दुरुस्त करायची तऱ्हा बघा. घसारा 2012 मध्ये 15 टक्क्यांवर आणला, 2014 मध्ये परत 80 केला, 2017 पासून 40. युनिटमागे 50 पैशांचं प्रोत्साहन 2009 च्या शेवटी सुरू झालं, 2012 ला थांबलं, 2013 ला पुन्हा आलं, 2017 ला कायमचं गेलं. गावात एखादा इतक्या वेळा शब्द फिरवू लागला तर किराणा दुकानदार त्याला उधार देत नाही. पवनचक्की पंचवीस वर्षं चालवायची असते. त्यात 2019 ला आंध्र प्रदेशाने आधी सह्या झालेल्या करारांतले दर उकरून काढले. तिथल्या उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरलेल्या दरानेच पैसे द्यायला लावले खरे, पण तोवर बँकांना जो धडा मिळायचा तो मिळाला होता.

मग लिलाव आला. जो सगळ्यात कमी मागेल त्याला काम. फेब्रुवारी 2017 मध्ये 3 रुपये 46 पैसे, ऑक्टोबरात 2 रुपये 64 पैसे, डिसेंबरात गुजरातच्या लिलावात 2 रुपये 43 पैसे. पेपरात ठळक मथळे आले, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली.

दर पडला की तो कुणाच्या अंगावर पडतो, हे बार्शीच्या आडतीत सोयाबीन घालणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पोलादाचा भाव कंपनीच्या हातात नसतो, बँकेचं व्याज नसतं, गिअरबॉक्स नसतो. हातात राहते ती जमीन, रस्ता आणि गावाला द्यायचे पैसे. काटकसर तिथेच होते. तुमच्याच मंत्रालयाने जानेवारी 2023 मध्ये पवनऊर्जेसाठी तो उलटा लिलाव बंद करायचं ठरवलं, दरही आता साडेतीन-चार रुपयांच्या घरात आलेत, पण खाली लागलेली सवय गेली नाही. कंपनी मोठ्या शहरात. ती जमीन गोळा करायचं काम ठेकेदाराला देते, ठेकेदार तालुक्यातल्या कुणाला तरी, आणि तो गावातल्या एखाद्या चुणचुणीत पोराला. आमच्याकडे त्याला 'लॅण्डवाला' म्हणतात. कंपनीचा माणूस गावाने पाहिलेला नसतो, लॅण्डवाला मात्र रोज पाहिलेला असतो. बहुतेक वेळा तो कुणाचा तरी भाचा किंवा साडू असतो.

आमच्या तात्यांची गोष्ट सांगतो. तात्या म्हणजे माझे चुलते, वय सत्तरच्या पुढे. माळाला त्यांची पाच एकर, कुसळं आणि दगड, कधीमधी करडई. लॅण्डवाला रात्री साडेनऊला आला. लाइट नव्हती, मोबाइलच्या उजेडात कागद काढले. पाचशेचा बॉन्ड, त्याला जोडलेली एकोणतीस पानं, सगळी इंग्रजीत. "तात्या, सगळ्यांनी सह्या केल्यात, तुमच्याच एकट्यापायी अडलंय." तात्यांनी चष्मा लावला, काढला, सही केली. सकाळी मला फोन आला तेव्हा कागद गेलेले होते. मी त्या पोराच्या मागे लागून चार दिवसांनी मोबाइलवर काही पानांचे फोटो मिळवले आणि शब्दकोश घेऊन बसलो.

मुदत अठ्ठावीस वर्षं अकरा महिने. हा आकडा कुठून आला ते मला आधी कळेना. मग दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका लेखनिकाने सांगितलं की आपल्याकडे एकोणतीस वर्षांच्या वर भाडेपट्टा गेला की मुद्रांक शुल्क एकदम वरच्या टप्प्यात जातं. म्हणजे सरकारला द्यायच्या शुल्काचा महिन्या-महिन्याचा विचार केलेला. तात्यांच्या भाड्यात दरवर्षी वाढ किती, याचं एकही वाक्य त्या पानांत नव्हतं. कंपनीला हा पट्टा दुसऱ्या कुणालाही देता येईल, बँकेकडे गहाण ठेवता येईल. जाण्या-येण्यासाठी 'गरजेनुसार' उरलेल्या जमिनीतून रस्ता करता येईल. वाद झाला तर न्यायालय दिल्लीचं. वाशीतून दिल्ली! तात्यांनी आयुष्यात पुणं दोनदा पाहिलंय. आणि मुदत संपल्यावर ते यंत्र आणि जमिनीत गाडलेलं शेकडो घनमीटर काँक्रीट कोण काढणार, यावर अवाक्षर नाही.

बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला एकरी अडीचपट रक्कम मिळाली. त्याचा साडू लॅण्डवाला होता. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे, पोळ्याला बैलंसुद्धा वेगवेगळ्या वाटेने नेतात.

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, हा काही नवा कायदा नाही, नोंदणीचा कायदा 1908 चा आहे. तरी गावागावांत आधी नोटरी करून सह्या गोळा होतात आणि नोंदणी 'नंतर बघू'. त्यात मराठवाड्याचं एक जास्तीचं दुखणं आहे, जे साताऱ्या-सांगलीच्या अनुभवावर बनलेल्या धोरणात दिसणार नाही. निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी इथे अजून आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2, कसणारा एक, नाव दुसऱ्याचं, वाटण्या तोंडी. लॅण्डवाल्याला घाई असते, तो ज्याचं नाव दिसेल त्याची सही घेतो. मग चुलतभाऊ उभे राहतात, दावा पडतो, स्थगिती येते, काम थांबतं. कंपनीने भाड्याने आणलेली अजस्र क्रेन रोजचं भाडं खात माळावर नुसती उभी राहते. हा खर्च कुणाच्या हिशेबात असतो? शेवटी युनिटच्या दरातच.

आता एक गोष्ट शांतपणे वाचा. 2003 च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. पवनचक्कीचे प्रकल्प 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत येत नाहीत, म्हणून जनसुनावणी नाही. जमीन खासगी करारातून घेतली जाते, म्हणून 2013 च्या भूसंपादन कायद्यातलं सामाजिक परिणामांचं मूल्यांकन नाही. तिन्ही सवलती चांगल्या हेतूने दिल्यात, हे मान्य. वाऱ्याची वीज स्वच्छ आहे, कशाला अडवायची? पण तिन्ही एकत्र केल्या तर असं होतं की गावाने तोंड उघडावं अशी एकही अधिकृत जागा उरत नाही. पाझर तलाव करायचा तर नोटीस लागते, हरकती मागवतात. पात्याच्या टोकापर्यंत दोनशे मीटरच्या आसपास उंचीचं यंत्र उभं राहताना गावाला कळतं ते ट्रेलर वेशीत आल्यावर. ज्याला बोलायला जागा नसते तो मग रस्त्यात आडवा होतो. तुमच्या अहवालात त्याला 'स्थानिक अडथळे' असं नाव पडतं.

तारांचंही तसंच. मोठ्या वाहिनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात, ती कुणाच्याही शेतावरून जाऊ शकते. केंद्राने जून 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट, तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के. चांगलं केलं. पण त्या 66 केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी. यंत्रापासून कंपनीच्या उपकेंद्रापर्यंत शिवारातून फिरणारी 33 केव्हीची खांबांची रांग त्यात बसत नाही, आणि आमची सगळी भांडणं त्या खांबांचीच आहेत. एका खांबाला कुणाला दहा हजार, कुणाला चाळीस, कुणाला पोलीस.

दिल्लीतली एक तारीख शिवारात कशी उतरते तेही सांगतो. आंतरराज्य पारेषण शुल्काची, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याच्या शुल्काची, पूर्ण माफी 30 जून 2025 पर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना होती, पुढे ती दरवर्षी 25 टक्क्यांनी कमी होत जाते. कागदावर ती नेटकी पायरी दिसते. इथे त्याचा अर्थ असा झाला की त्याआधीच्या हिवाळ्यात पोकलेन रात्री चालू लागले. ज्वारी हुरड्यात आली होती. माझ्या भावाच्या पट्टीच्या कडेने रस्ता रुंद करायचा होता, तो एका रात्रीत झाला. सकाळी बघतो तर ज्वारीच्या चार ओळी मुरमाखाली आणि ओढ्यावरच्या नळीच्या पुलाचे दोन पाइप फुटलेले. भरपाईचं बोलायला गेलो तर साइटवरच्या इंजिनिअर पोराने हात जोडले. "सर, जूनच्या आत नाही झालं तर आमची नोकरी जाईल." खरंच बोलत होता बिचारा. बिहारहून आलेला, सव्वीस वर्षांचा. पाइप शेवटपर्यंत कुणी बदलले नाहीत आणि पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी आमच्या वावरात शिरलं.

मस्साजोगचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या त्या गावचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी ती जोडलेली असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलंय. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण त्यानंतर 'बीडची गुन्हेगारी' म्हणून जी चर्चा झाली ती मला अर्धवट वाटते. पोलीस बंदोबस्त वाढवा, जरूर वाढवा. पण ज्या धंद्यात कुणाला किती दिले हे कुठेच लिहिलेलं नसतं, जिथे दर माणूस बघून ठरतो, गावाच्या वाट्याला अधिकृत असं काहीच येत नाही आणि अनधिकृत मात्र बरंच फिरतं, तिथे खंडणीखोर येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उघड्यावर ठेवलेल्या गुळाला मुंगळे लागतात. बीडमध्ये ते आधी दिसले, इतकंच.

आणि हे महाराष्ट्र सरकारला जमत नाही असं नाही. सौर प्रकल्पांसाठी जमलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये भाड्याचा दर लिहून दिलाय: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं. आमच्या शेजारच्या गावात त्यावर कुजबुजसुद्धा झाली नाही, कारण आकडा सगळ्यांना पाठ होता. मग उन्हाला जो नियम, तो वाऱ्याला का नाही? एक फरक मी मान्य करतो. सौरची ती योजना सरकारी आहे, पवनचे बहुतेक प्रकल्प खासगी कंपन्यांना किंवा दुसऱ्या राज्यांना वीज विकतात. पण तारा सरकारी परवानगीने जातात, शुल्कमाफी सरकार देते, निविदा सरकारी महामंडळ काढतं. अट घालायला एवढे हात पुरेसे आहेत.

आकडेमोड माझी स्वतःची आहे, चुकत असेल तर सुधारा. तीन मेगावॅटचं एक यंत्र, वर्षभराची सरासरी निर्मिती क्षमतेच्या 30 टक्के धरली, तर साधारण 78 लाख युनिट होतात. युनिटमागे फक्त 5 पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात टाकले तर एका यंत्रामागे वर्षाला जवळपास 3 लाख 90 हजार. शिवारात सहा यंत्रं असतील तर तेवीस लाखांच्या वर. साडेतीन रुपयांच्या युनिटवर हे दीड टक्कासुद्धा होत नाही. जर्मनीत कायद्यानेच अडीच किलोमीटरच्या परिघातल्या गावांना युनिटमागे 0.2 युरोसेंटपर्यंत देता येतं. तिथली गावं काही फार गरजू नाहीत, तरी ही तजवीज केली, कारण यंत्राचा आवाज आणि सावली ज्याच्या वाट्याला येते त्याला त्यातलं काही मिळावं, एवढी साधी समज. आणि हिशेब युनिटवर ठेवला की आणखी एक होतं: यंत्र बंद पडलं की गावाचंही नुकसान. केबल कोण कापतंय यावर मग गावच नजर ठेवील.

केबलवरून आठवलं. माझ्या ट्रेडला वीस पोरांची तुकडी असते. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडून पास झालेली अकरा पोरं पवनचक्क्यांवर लागली, त्यांतली नऊ सिक्युरिटीत. काठी, शिट्टी, टॉर्च. रात्रभर माळावर बसून तांब्याच्या केबलची राखण करायची. वीजतंत्रीचं सर्टिफिकेट खिशात आणि हातात काठी. एकाने विचारलं, "सर, आपण थ्री फेज शिकलो ते कशाला?" वर यंत्रात चढून काम करणारी माणसं बाहेरची येतात, कारण उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कंपनी शिडीला हात लावू देत नाही, आणि त्यात कंपनीचं चुकत नाही. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचा 'वायुमित्र' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, पण तो इथल्या पोराच्या आवाक्यात आणायचा तर वाशी, केज, पाटोद्याच्या आयटीआयमध्ये आणावा लागेल. जागा आमच्याकडे आहे. सरावासाठी एक जुना टॉवर मिळाला तरी पुरे. देशात दोन मेगावॅटहून लहान अशी जुनी यंत्रं बदलून नवी बसवायचं धोरण तुम्ही 2023 मध्ये नव्याने केलंच आहे. त्यातून उतरवलेलं एखादं यंत्र भंगारात घालण्याऐवजी आम्हाला द्या.

कारखान्यांबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, तरी एक आकडा डोक्यातून जात नाही. पवनचक्क्या बनवायची देशाची क्षमता वर्षाला 18 गिगावॅटच्या आसपास सांगतात. 2024-25 मध्ये देशात उभे राहिले सव्वाचारच्या आत. जुलै 2025 मध्ये तुम्ही पाती, टॉवर, गिअरबॉक्स, जनरेटर, खास बेअरिंग हे मान्यताप्राप्त यादीतलंच घ्यायचं असा आदेश काढला. देशी मालाला आधार मिळाला, आनंद आहे. पण चार भाकरी खपत नसताना तवा मोठा करून काय होणार? माल माळावर चढत नाही ही अडचण आहे, आणि तो चढत नाही त्याला कागद, रस्ता, खांब आणि तारा कारण आहेत. त्यांतल्या तारांचं काम निदान सुरू तरी झालंय. कळंबजवळ 400/220 केव्हीचं आंतरराज्य पारेषणाचं उपकेंद्र उभं राहिलंय, इथली वीज तिथून देशाच्या जाळ्यात जाते. जाऊ दे. मी शिकवतो त्या विषयामुळे मला माहीत आहे की ती वीज थेट आमच्या पंपाला जोडता येत नाही, गावात तसा हट्ट धरणाऱ्यांना मीच समजावतो. पण डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यावर आठ-दहा दिवस अंधारात बसलेल्या माणसाला, रात्रीच्या पाळीत विंचवाच्या भीतीने बॅटरी घेऊन पिकाला पाण्याची दारं धरणाऱ्याला, समोर ते लाल दिवे लुकलुकताना बघून काय वाटतं, ते मी समजावू शकत नाही. ज्या तालुक्यांत यंत्रं उभी राहतात तिथले कृषी फीडर आणि डीपी आधी नीट करा. पवनऊर्जेच्या खर्चात तो खर्च दिसणारही नाही.

जाता जाता मोरांचंही. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, दक्षिणेला नान्नजचा माळढोकचा माळ. कुठे यंत्र नको हे आधीच नकाशावर रंगवून टाकलंत तर कंपनीलाही बरं आणि पाखरांनाही. राजस्थान-गुजरातच्या माळढोकसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ते इथे टळेल.

माझ्या मते पहिलं काम भाडेपट्ट्याचं. मराठीतला एक नमुना करार सरकारने तयार करावा. त्यात वार्षिक वाढ, रस्त्याची ठरलेली रुंदी, मुदतीनंतर यंत्र आणि पाया काढायची जबाबदारी आणि त्यासाठी आधीच भरून ठेवलेली अनामत, वाद झाल्यास जिल्ह्याचंच न्यायालय, हे सगळं असावं. नोटरीवर घेतलेली सही प्रकल्पाच्या कुठल्याही परवानगीसाठी धरू नये. भाड्याचा दर तालुकानिहाय जाहीर करावा आणि कुणाला किती दिले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. ज्या कंपनीचे शंभर टक्के पट्टे असे नोंदणीकृत असतील तिला तारखेत सवलत द्या, तिची जोडणी आधी द्या, निविदेत तिला झुकतं माप द्या. तेवढं केलंत तर लॅण्डवाल्याचा धंदा आपोआप बसेल, त्याच्यासाठी वेगळं पोलीस ठाणं लागणार नाही. 33 केव्हीच्या खांबांना जून 2024 च्या सूचना लावायला तर एका पत्रकाचं काम आहे. ग्रामसभेत एकदा नकाशा घेऊन कंपनीच्या माणसाने उभं राहावं, लॅण्डवाल्याने नव्हे. आमची माणसं आरडाओरडा करतील, दोन-तीन तास जातील, चहा होईल. क्रेन चार महिने नुसती उभी राहण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

यामुळे प्रकल्प लांबतील, दर वाढतील, असं तुमचे सल्लागार सांगतील. त्यांना एकदा इकडे पाठवा. जेवायला आमच्याकडे या म्हणावं, बाजरीची भाकरी आणि ठेचा, परतताना सरमकुंडी फाट्यावरून भूमचा खवा. फक्त येताना आमच्या पुलावरून सावकाश या म्हणावं, दोन पाइप अजून तसेच आहेत.

आपला,
आयटीआयमधला एक निदेशक
ता. वाशी, जि. धाराशिव

ता. क. – पत्र तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: भाडं दरवर्षी मृगाच्या आधी, बियाण्याच्या वेळी मिळावं, दिवाळीनंतर नको, असं त्या नमुना करारात लिहा. आणि त्यांच्या कराराची प्रत कुणाला पुरावा म्हणून हवी असेल तर ती आमच्याकडे नाही. मोबाइलमधले अकरा फोटो आहेत, त्यांतले दोन हललेले.